रात्रीचा बॅकअप सकाळी ओपीडी उघडली तरी चालूच, काय करायचं?

मागच्या अंकात बॅकअपवर दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर वाचकांचे प्रश्न आले आणि जवळजवळ सगळ्यांचं दुखणं एकच, बॅकअप वेळेत संपत नाही. म्हणून यावेळी सदर पूर्ण याच विषयाला. मडगावच्या वाचकांचं उत्तर सगळ्यात लांब आहे कारण त्यांनी माहिती नीट दिलीय, आणि त्यातलं बरंचसं बाकीच्यांनाही लागू पडतं.

प्रश्न : नमस्कार सर, मी मडगावात एका खासगी हॉस्पिटलात सिस्टीमचं काम बघतो. सिटी स्कॅन, एक्स-रे, सोनोग्राफी सगळ्या इमेजेस एका लिनक्स सर्व्हरवर आहेत, डेटा दीड टीबीच्या आसपास. मागच्या बिल्डिंगमध्ये नॅस (नेटवर्कवर जोडलेली डिस्कची पेटी) आहे, ती सर्व्हरवर माउंट करून ठेवलीय, म्हणजे सर्व्हरला ती आपल्याच फोल्डरसारखी दिसते, आणि रोज रात्री ८ ला आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमची स्क्रिप्ट चालते. ती फक्त नवीन फाईल कॉपी करते असं ऐकलं होतं पण सकाळचे १० वाजतात तरी संपत नाही, आणि ९ ला ओपीडी सुरू झाली की डॉक्टरांना जुना स्कॅन उघडायला वेळ लागतो, मग फोन मलाच. स्क्रिप्टमध्ये चेकसमचा (पूर्ण फाईल वाचून तिचा पडताळणीचा आकडा काढण्याचा) ऑप्शन लावलेला आहे, माझ्या आधी जे होते ते म्हणाले पेशंटचा डेटा आहे, खात्री पाहिजे. सगळं गिगाबिटवर आहे. व्हेंडर म्हणतो १० गिगाबिटचा स्विच आणि कार्डं घ्या. मॅनेजमेंटकडे कोटेशन पाठवू का?

उत्तर : आत्ता पाठवू नका. आधी तुमचेच आकडे घेऊन साधा भागाकार करूया. दीड टीबी म्हणजे १५ लाख एमबी, रात्री ८ ते सकाळी १० म्हणजे १४ तास, म्हणजे ५०,४०० सेकंद. भागलं की सेकंदाला ३० एमबी येतात. गिगाबिटची लाईन कागदावर १२५ एमबी नेते, प्रत्यक्षात ११० च्या आसपास सहज मिळतात. म्हणजे आहे ती लाईनच पाऊण मोकळी पडलीय आणि व्हेंडर तिच्या दहापट मोठी घ्या म्हणतोय. अडलंय दुसरीकडे.

आता मुख्य गोष्ट, तो चेकसम. आरसिंक नेहमी काय करतो तर फाईलचा साईज आणि बदलल्याची वेळ बघतो, दोन्ही जुळलं की पुढे जातो, फाईल उघडतसुद्धा नाही. चेकसमचा ऑप्शन लावला की मात्र दोन्हीकडच्या सारख्या साईजच्या फाईल पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत वाचून ताडून बघाव्या लागतात. आणि तुमची नॅस माउंट केलेली आहे ना, म्हणजे आरसिंकच्या दृष्टीने ते नुसतं लोकल फोल्डर आहे, पलीकडे नॅसवर त्याचा जोडीदार चालत नाहीय जो तिथल्या तिथे वाचून फक्त उत्तर पाठवेल. त्यामुळे नॅसवरचा दीड टीबी रोज रात्री केबलवरून उलटा सर्व्हरकडे येतो, वाचला जातो आणि टाकून दिला जातो. बघायचं असेल तर आज रात्री ११ वाजता स्विचवर नॅसच्या पोर्टचा ग्राफ उघडा, ट्रॅफिक नॅसकडे जाण्यापेक्षा नॅसकडून येताना जास्त दिसेल. बॅकअप चालू असताना जास्त डेटा बॅकअपच्या मशीनमधून बाहेर पडतोय, याहून स्पष्ट खूण नाही.

दुसरं, लहान फाईल. सिटीचा एक स्लाईस म्हणजे ५१२ बाय ५१२ पिक्सेल, प्रत्येक पिक्सेलला २ बाइट, म्हणजे फाईल अर्ध्या एमबीहून जराशी मोठी, आणि एका पेशंटच्या एका स्कॅनमध्ये असे शेकडो स्लाईस. एक्स-रेच्या फाईल मोठ्या असतात पण समजा सगळा डेटा सिटीचाच धरला तर दीड टीबीत २८ लाखांच्या वर फाईल होतात. फिरत्या हार्डडिस्कचं हेड एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन नेमकी जागा खाली येईपर्यंत साधारण १० मिलिसेकंद लागतात. २८ लाख गुणिले १० मिलिसेकंद करून बघा, २८ हजार सेकंद, जवळजवळ ८ तास, आणि हे फक्त हेड हलण्याचे, यात अजून एक बाइटसुद्धा वाचलेला नाही! दीड टीबी ११० एमबीने वाहून न्यायला पावणेचार तास. झाले पावणेबारा, वर प्रत्येक फाईल उघडणं-बंद करणं, नेटवर्कवरून तिची माहिती विचारणं, त्याचे राहिलेले. हा वाईटात वाईट हिशोब आहे, लागून लागून लिहिलेल्या फाईल जरा लवकर वाचल्या जातात, पण तुमचे १४ तास कुठे जातात ते यातून कळतं. रायबंदर-चोडण फेरीबोटीत प्रत्येक फेरीला एकच स्कूटर चढवली तर नदी कितीही रुंद केली तरी रांग हलणार नाही, तसं हे आहे. १० गिगाबिट घेऊन त्या पावणेचार तासांतलं थोडंसं वाचेल, बाकीचे ८ तास जसेच्या तसे.

मग करायचं काय. चेकसमचा ऑप्शन रोजच्या स्क्रिप्टमधून काढा. काढल्यावर एक गोष्ट मात्र नक्की तपासा की स्क्रिप्ट फाईलच्या वेळा जपतेय, म्हणजे आर्काइव्हचा ऑप्शन लावलेला आहे, कारण वेळा जपल्या नाहीत तर पलीकडच्या फाईलवर कॉपी केल्याची वेळ बसते, दुसऱ्या रात्री आरसिंकला सगळंच बदललेलं वाटतं आणि पुन्हा दीड टीबी निघतो. अशी बरीच ठिकाणं बघितलीयत जिथे फक्त एवढंच कारण होतं.

माउंट सोडा. आरसिंक नॅसवरच चालवा आणि तिथून सर्व्हरवरचा डेटा ओढून घ्या, बहुतेक नॅसमध्ये आरसिंक येतोच. याचा स्पीडला फायदा आहेच पण त्याहून मोठी गोष्ट सांगतो आणि ही कृपा करून हलक्यात घेऊ नका. तुमच्या सर्व्हरवर नॅस चोवीस तास माउंट आहे आणि त्यावर लिहायची परवानगी आहे, म्हणजे उद्या सर्व्हरवर रॅन्समवेअर आला तर तो ओरिजिनल आणि बॅकअप दोन्ही एकाच रात्रीत लॉक करून जाईल. नॅसने ओढून घ्यायचं, सर्व्हरवर फक्त वाचायची परवानगी असलेलं वेगळं अकाउंट ठेवायचं, सर्व्हरला नॅसवर लिहिताच यायला नको. आणि नॅसवर स्नॅपशॉट चालू करा म्हणजे बिघडलेल्या फाईल चांगल्यांवर येऊन बसल्या तरी मागच्या तारखेचं मिळेल. नॅसचा प्रोसेसर कमजोर असेल तर एसएसएचच्या (डेटा एन्क्रिप्ट करून पाठवण्याची पद्धत) एन्क्रिप्शनमध्ये स्पीड पडतो, तो पडू द्या, पेशंटचा डेटा उघडा पाठवण्यापेक्षा बरं, शिवाय आता रात्रीला न्यायचाच किती आहे, समजा दिवसाला ८ जीबी नवीन येतात, ते ३० एमबीनेसुद्धा साडेचार मिनिटांत जातात.

राहतो वेळ तो २८ लाख फाईलची यादी दोन्हीकडे ताडून बघण्याचा. तोही कमी होतो. पेशंटचा स्कॅन एकदा सेव्ह झाला की तो सहसा बदलत नाही, २०१९ चा सिटी आज रात्री कोण बदलणार? फोल्डर वर्ष-महिन्याप्रमाणे असतील तर रोज रात्री फक्त चालू आणि मागचा महिना बघायचा, आणि सगळ्याची फेरी रविवारी. आणि तुमच्या आधीच्यांची खात्रीची गोष्ट चुकीची नाहीच, फक्त ती रोज आणि केबलवरून करायची नाही, महिन्यातून एकदा दोन्ही मशीनवर स्वतंत्र चेकसमची यादी काढा, तिथल्या तिथे, आणि फक्त दोन याद्या जुळवा. नॅसवर झेडएफएस किंवा बीटीआरएफएस ही फाईल सिस्टीम असेल तर तिचा स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून तपासायची फेरी, लावून ठेवा.

एक राहिलं. फक्त इमेजेसचा बॅकअप पुरत नाही, कुठला स्कॅन कुठल्या पेशंटचा हे ज्या डेटाबेसमध्ये आहे त्याचा डंप (पूर्ण प्रत) रोज वेगळा निघतोय का बघा. तो नसेल तर रिस्टोअर झाल्यावर २८ लाख फाईल पुन्हा इंडेक्स होईपर्यंत रेडिओलॉजी बसून राहील.

आणि मॅनेजमेंटकडे जायचंच असेल तर बॅकअपचा नाही, रिस्टोअरचा वेळ घेऊन जा. सर्व्हर गेला तर दीड टीबी परत आणायला किती तास, ते चवथीच्या सुट्टीत ओपीडी कमी असते तेव्हा जुन्या मशीनवर प्रत्यक्ष आणून बघा. तो आकडा १४ तास आला आणि हॉस्पिटलला ४ तासच परवडत असतील तर खर्चाला कारण आहे, पण तेव्हासुद्धा पहिला पैसा नॅसच्या डिस्कवर आणि सर्व्हरच्या एसएसडीवर जाईल, स्विच शेवटी. तोही थेट १० चा घ्यायची गरज नाही, अडीच गिगाबिट तुमच्या आहे त्याच कॅट-५-ई केबलवर १०० मीटरपर्यंत चालतं.

प्रश्न : म्हापशात आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं शूट झालं की २००-३०० जीबी सर्व्हरवर आणि तिथून रात्री नॅसवर. कायम ११ एमबीच येतात, एकदाही १२ झाले नाहीत. राउटर बदलून झाला, नॅसमध्ये नवीन डिस्क घातल्या, काही फरक नाही.

उत्तर : भाऊ, आकडा इतका स्थिर आहे तिथेच उत्तर आहे. डिस्क स्लो असेल तर स्पीड वरखाली होतो, तुमचा ११ वर खिळलाय म्हणजे कुठेतरी एक जोड १०० मेगाबिटवर चालतोय. १०० ला ८ ने भागा, साडेबारा, त्यातून नेटवर्कचा खर्च वजा केला की ११ आणि थोडे.

गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चारच. १०० ला न लागणाऱ्या चारांतली एक तार जरी नीट टेकत नसेल तरी दोन्हीकडची उपकरणं सहसा गपचूप १०० वर उतरतात, एरर येत नाही, इंटरनेट चालतं, व्हॉट्सअ‍ॅप चालतं, कुणाला कळत नाही. आणि आपल्याकडे चार महिने पाऊस, वर समुद्राची खारी हवा, भिंतीवरच्या सॉकेटमधल्या पिना हिरव्या पडतात. जुन्या घरात अजून एक प्रकार सापडतो, वायरमनने एकाच केबलच्या चार तारा एका कॉम्प्युटरला आणि चार दुसऱ्याला दिलेल्या असतात, केबल वाचवायला. विंडोजमध्ये नेटवर्कच्या प्रॉपर्टीत लिंक स्पीड बघा, १००० च्या जागी १०० दिसलं तर त्या मशीनपासून स्विचपर्यंत कारखान्यात बनलेली छोटी नवीन केबल जमिनीवरून टाकून बघा. तिथे १००० असेल तर तसंच नॅसच्या बाजूला. आणि नवीन राउटरच्या मागचे पोर्टही बघा, स्वस्त राउटरचे लॅन पोर्ट अजूनही १०० चेच असतात आणि तुमचा डेटा त्यातूनच फिरून जात असेल तर सर्व्हर आणि नॅस दोन्ही एका साध्या गिगाबिट स्विचवर घ्या. ३०० जीबीला आज साडेसात तास लागतात, ते पाऊण तासावर येतील, कारण व्हिडिओच्या फाईल मोठ्या असतात आणि मडगावसारखी लहान फाईलची अडचण तुम्हाला नाही.

प्रश्न : वेर्ण्याला आमचं युनिट, ऑफिस पणजीला पाट्टोवर. एसक्यूएल सर्व्हरचा रोजचा फुल बॅकअप १८० जीबी, तो झिप करून आरसिंकने पणजीला पाठवतो. अपलोड १०० मेगाबिटचा आहे. आरसिंक फक्त फरक पाठवतो ना? मग रोज पूर्ण फाईल का जाते? सकाळी लोक कामावर आले की नेट संपूर्ण अडलेलं.

उत्तर : झिपमुळे. आरसिंक जुन्या आणि नव्या फाईलचे तुकडे जुळवून बघतो आणि न जुळणारे तेवढेच पाठवतो, पण झिपमध्ये सुरुवातीला चार बाइट बदलले की त्याच्या पुढचं सगळं वेगळं बनतं, एकही तुकडा जुळत नाही. पासवर्ड लावून एन्क्रिप्ट केलेल्या फाईलचंही तसंच. कॉम्प्रेस करायचंच असेल तर जीझिपमध्ये आरसिंकला चालेल असा ऑप्शन काही ठिकाणी मिळतो, तो वापरा, नाहीतर फाईल उघडी ठेवा आणि कॉम्प्रेशन आरसिंकला वाटेत करू द्या.

पण खरं सांगायचं तर रोज फुल कशाला? आठवड्यातून एकदा फुल, बाकीचे दिवस डिफरन्शियल, त्यात फक्त शेवटच्या फुलनंतर बदललेला भाग येतो आणि रिस्टोअरला दोनच फाईल लागतात. बॅकअप घेतानाच कॉम्प्रेशनचा ऑप्शन लावा, डिस्कवर लिहायचंच कमी होतं म्हणून बॅकअप स्वतःच लवकर संपतो, वेगळ्या झिपची गरजच नाही. तुमचा डेटाबेस फुकटच्या एक्सप्रेस एडिशनच्या मर्यादेच्या कितीतरी वर आहे म्हणजे ते एडिशन नाही, त्यात हे कॉम्प्रेशन मिळत नाही, तुम्हाला बहुधा मिळेल. फक्त एक जपा, मधेच कुणी सॉफ्टवेअरवाल्याने टेस्टिंगसाठी साधा फुल बॅकअप काढून नेला तर त्यानंतरचे डिफरन्शियल त्या नव्या फुलवर टेकतात, आणि ती फाईल त्याच्या पेनड्राइव्हवर असते! असा बॅकअप काढताना कॉपी-ओन्ली लावायचं, हे कागदावर लिहून सर्व्हर रूममध्ये चिकटवा.

१८० जीबीला १०० मेगाबिटवर सगळं सुरळीत चाललं तर ४ तास लागतात, म्हणजे लाईन वाईट नाही, रोज एवढं पाठवणं वाईट. पहिला फुल तर नेटवरून पाठवूच नका, एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर घ्या आणि झुआरीच्या पुलावरून गाडीने पाट्टोला न्या, तासाभरात पोचतो. आरसिंकला स्पीडची मर्यादाही घालता येते, २० मेगाबिटच्या वर जाऊ नको असं ठेवलं की लोकांचं नेट अडणार नाही. ही मर्यादा मेगाबिटमध्ये नाही, बाइटमध्ये द्यायची असते, २० मेगाबिट म्हणजे सेकंदाला अडीच एमबी.

पुढे कधी परदेशातल्या क्लाउडवर पाठवायचं झालं तर अंतराचाही हिशोब येतो. समोरच्याकडून पोच येईपर्यंत एका वेळी वाटेत जेवढा डेटा सोडता येतो त्याला विंडो म्हणतात, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ती ६४ केबीवर अडकलेली असते, आणि जाऊन-येऊन २०० मिलिसेकंद लागत असतील तर सेकंदाला ३२० केबी, बस, लाईन कितीही मोठी घ्या. अशा वेळी एकाच वेळी अनेक स्ट्रीम चालवणारं टूल घ्यायचं किंवा मुंबईतलं डेटा सेंटर निवडायचं.

प्रश्न : जम्बो फ्रेम (नेटवर्कवरून जाणारी डेटाची नेहमीपेक्षा मोठी पाकिटं) लावल्या किंवा सर्व्हरला दोन केबल जोडून बाँडिंग केलं तर बॅकअप दुप्पट होतो का? (फोंडा)

उत्तर : नाही. साध्या १५०० बाइटच्या फ्रेममध्ये लाईनचा जवळजवळ ९५ टक्के भाग खऱ्या डेटाला मिळतो, ९००० केल्यावर ९९. चार टक्क्यांसाठी वाटेतल्या प्रत्येक उपकरणाची सेटिंग बदलावी लागते आणि एक राहिलं तर कनेक्शन अर्धवट लटकतं, ते शोधण्यात दिवस जातो. बाँडिंगमध्ये एक कॉपी सहसा एकाच केबलवरून जाते. चार सर्व्हर एकाच नॅसवर एकाच वेळी बॅकअप घेत असतील तर बाँडिंग जरूर करा, एकच असेल तर उपयोग नाही.

प्रश्न : डिचोलीला आमची पतसंस्था आहे, विंडोज सर्व्हर, अकाउंटिंगचा डेटा आणि स्कॅन केलेले कागद मिळून लाखो फाईल. रोज संध्याकाळी क्लार्क यूएसबी डिस्कवर कॉपी-पेस्ट करतो, दोन तास लागतात, आणि काल कॉपी सुरू असतानाच सर्व्हरचा स्वतःचा बॅकअपही चालू झाला तेव्हा दोन्ही रात्रीपर्यंत संपले नाहीत. काय बदलू?

उत्तर : आधी त्या दोन बॅकअपच्या वेळा वेगळ्या करा. एकाच हार्डडिस्कवरून दोन कॉप्या एकदम चालल्या की हेड दोघांमध्ये धावत बसतं आणि दोन्ही मिळून एकापाठोपाठ एक लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त खातात.

कॉपी-पेस्ट बंद करा, विंडोजमध्ये रोबोकॉपी आधीपासूनच आहे. ती फक्त बदललेल्या फाईल घेते आणि अनेक फाईल एकदम चालवते, नुसता मल्टिथ्रेडचा ऑप्शन लावला तर ८, वाढवून १२८ पर्यंत जाते, पण तुमच्याकडे फिरती डिस्क असेल तर ८ च्या वर जाऊ नका, वर दोन कॉप्यांचं जे सांगितलं तेच होईल. मिरर ऑप्शन लावताना दोनदा वाचा, सर्व्हरवर चुकून डिलीट झालेलं तो डिस्कवरूनही पुसतो. यूएसबी डिस्क निळ्या पोर्टमध्ये आहे ना ते बघा, जुन्या २.० पोर्टमध्ये लावली तर ३५ एमबीच्या आसपास अडकते. अँटिव्हायरस प्रत्येक फाईल उघडताना तपासतो, सर्व्हरवर तो चालूच ठेवा, पण रोबोकॉपीच्या प्रोसेसला रिअल-टाइम स्कॅनमधून सूट देता येते, डेटाचं पूर्ण स्कॅन रविवारी वेगळं लावा. अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर उघडं असताना त्याच्या फाईल कॉपी करू नका, सगळ्यांना बाहेर काढून मगच, नाहीतर अर्धी नोंद आलेली फाईल मिळते.

आणि डिस्क एक नको, दोन घ्या, आलटून पालटून, आणि जी त्या दिवशी वापरात नाही ती सर्व्हरच्या खोलीत ठेवू नका, दुसऱ्या शाखेत किंवा लॉकरमध्ये ठेवा.